फ्रिट्झ पोलार्ड, पालवणकर बाळू आणि आमच्या घरातला एक फोटो

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत खेळातले 'पहिले' म्हणून तुम्ही एक अख्खं पान दिलं होतं. मी ते दोनदा वाचलं, नातवाला वाचायला दिलं आणि रात्री जेवणं झाल्यावर परत एकदा काढून बसलो. पान चांगलंच झालंय, पण त्यात दोन नावं मला कुठेच दिसली नाहीत. एक फार लांबचं, अमेरिकेतलं आहे, ते राहिलं तर समजू शकतो. दुसरं आपल्याच कोकणातल्या गावावरून आडनाव लावणाऱ्या माणसाचं आहे, आणि ते राहिलं याचं मात्र खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो. जागा नसेल तर मधलं कापा, पण शेवटी फोटोबद्दल लिहिलंय तेवढं कृपा करून कापू नका.

मी गुहागर तालुक्यातला. हायस्कूलला ३१ वर्षं पीटी शिकवली, कबड्डीच्या टीम घेऊन जिल्हाभर एसटीने फिरलो, आता रिटायर आहे. अमेरिकन फुटबॉलशी माझा काडीचा संबंध नव्हता, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात तो खेळ, एवढीच माहिती. पण माझ्या भाचीचा मुलगा सध्या तिकडे प्रॉव्हिडन्स नावाच्या शहरात नोकरीला आहे, ऱ्होड आयलंड राज्यात, आणि तिथे ब्राउन युनिव्हर्सिटी आहे. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा मी त्याला पडवीत बसून जुन्या काळचे क्रिकेटपटू पालवणकर बाळूंच्या गोष्टी सांगायचो. गेल्या गणपतीत त्याचा व्हिडिओ कॉल आला, आरती झाली, सगळ्यांशी बोलून झालं आणि मग मला म्हणाला, आजोबा, इथे शंभर वर्षांपूर्वी एक प्लेअर होता, तुमच्या बाळूंसारखाच, नाव फ्रिट्झ पोलार्ड, बघा वाचून. तेव्हापासून वाचतोय. मिळेल तिथून, मोबाइलवर, डोळे दुखेपर्यंत.

आधी खेळ थोडा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अकरा विरुद्ध अकरा, चेंडू अंड्यासारखा लांबट, तो हातात धरून पळायचं आणि समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा, त्याला टचडाउन म्हणतात. चेंडू घेऊन पळणारा जो असतो ना, तो आपल्या चढाईला गेलेल्या गड्यासारखाच, फरक एवढाच की इथे सात जण असतात, तिथे अकरा जण पकडीला टपलेले, आणि पकड झाली की अख्ख्या वजनानिशी जमिनीवर आपटतात. त्या काळात आजच्यासारखी हेल्मेटं नव्हती, चामड्याच्या टोप्या होत्या आणि त्याही सगळे घालायचेच असं नाही. पोलार्ड खेळायचा हाफबॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या जागेला, उंची पाच फूट नऊ इंच, वजन पंच्याहत्तर किलोच्या आसपास. समोरचे बरेचसे त्याच्यापेक्षा दांडगे. त्याची सगळी भिस्त पायांवर, एकदम दिशा बदलायची, अंग चोरायचं, कट मारायचा. चिपळूण-खेडच्या मैदानांवर असे चढाईपटू मी पाहिलेत, किडकिडीत पोरं, हात लागतोय लागतोय म्हणेपर्यंत रेषा ओलांडून परत आलेली असतात.

जन्म शिकागोचा, २७ जानेवारी १८९४. वडील केस कापायचा धंदा करायचे. आणि पूर्ण नाव काय, तर फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. हे वाचलं आणि मी थांबलोच. फ्रेडरिक डग्लस म्हणजे गुलामीत जन्माला आलेला, तिथून पळालेला, लिहायला वाचायला शिकून पुढे अख्ख्या अमेरिकेला गुलामीविरुद्ध भाषणं देऊन हलवणारा माणूस. आई-बापाने पोराचं नाव त्याच्यावरून ठेवलं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण कुणाला केलंय बघा, अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला औदार्य दाखवलं त्यांना. म्हणजे इकडून तिकडे नजर होतीच आपल्या लोकांची, ही ओळख काही आजची नाही. 'फ्रिट्झ' हे नाव मागून चिकटलं, ते राहायचे त्या रॉजर्स पार्क भागात जर्मन शेजारी खूप होते, त्यांनी ठेवलेलं.

ब्राउनला तो १९१५ साली आला. टीममध्ये सुरुवातीला कुणी धड बोलत नव्हतं. पैशांची चणचण, म्हणून हॉस्टेलच्या खोलीतच इतर पोरांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायचा धंदा काढला. मला हे फार आवडलं, कारण आमच्या हायस्कूलचे दोन चांगले खेळाडू सकाळी मच्छी उतरवायला जेटीवर जाऊन मग शाळेत यायचे आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. असो.

त्याच सीझनला ब्राउनला कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला मॅचचं आमंत्रण आलं, नवीन वर्षाच्या दिवशीची जी मोठी मॅच असते, रोझ बोल म्हणतात, ती. तारीख १ जानेवारी १९१६. ट्रेनने अख्खा देश ओलांडून टीम गेली आणि हॉटेलवाल्याने काय केलं, तर बाकी सगळ्यांना खोल्या आणि पोलार्डला नाही. टीमची माणसं अडून बसली, याला खोली नसेल तर आम्ही कुणीच राहत नाही म्हणाली, तेव्हा कुठे त्याला खोली मिळाली. जी टीम सुरुवातीला बोलत नव्हती तीच टीम बरं का, चार महिन्यांत एवढा फरक पडला होता आणि तो खेळामुळे पडला होता, हे मी पीटी मास्तर म्हणून मुद्दाम लिहितोय. मॅच वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध होती, पाऊस कोसळत होता, मैदान म्हणजे निव्वळ लावणीच्या शेतासारखं झालेलं, आणि ज्याचा सगळा जोर वळण्यावर आणि कट मारण्यावर त्याचं चिखलात काय चालणार. ब्राउन १४-० ने हरले. पण रोझ बोलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली ती झालीच.

इथे एक गोष्ट माझ्या मनात येते ती सांगतो. त्याच वेळी आपल्या मंडणगडच्या आंबडव्याचे बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत होते. न्यूयॉर्क ते प्रॉव्हिडन्स म्हणजे ट्रेनचा काही तासांचा प्रवास. जानेवारीत पोलार्ड त्या चिखलात खेळला आणि मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. भेट झाली वगैरे मला अजिबात म्हणायचं नाही. दोघं एकाच वर्षी, एकाच किनाऱ्याला, आपापल्या जागी एकटे उभे होते, एवढंच म्हणतोय, आणि हे मला कुठल्याही पुस्तकात एकत्र वाचायला मिळालं नाही, माझ्या मनात मीच जोडलं.

मग आला १९१६ चा सीझन. त्या काळात येल आणि हार्वर्ड म्हणजे फुटबॉलमधली दादा घराणी, एकाला हरवलं तरी वर्षभर पुरेल असं. ११ नोव्हेंबरला ब्राउनने येलला २१-६ हरवलं आणि पुढच्याच शनिवारी, १८ नोव्हेंबरला, हार्वर्डला २१-०. एकाच सीझनला दोघांनाही हरवणं त्याआधी ब्राउनला जमलं नव्हतं, आणि दोन्ही मॅचमध्ये पळाला कोण तर हाच. पुढची कोलगेटविरुद्धची मॅच ते हरले, तेही लिहितो, कारण मोठ्या माणसाबद्दल लिहिताना लोक हरलेल्या मॅच गाळतात आणि मला ते पटत नाही. वर्षाच्या शेवटी वॉल्टर कँप म्हणून त्या खेळातले सगळ्यात वजनदार गृहस्थ अख्ख्या देशातून निवडक अकरा जणांची टीम कागदावर जाहीर करायचे, ऑल-अमेरिका म्हणतात तिला, तिच्यात पोलार्ड आला. बॅकफिल्डला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांमध्ये, निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय. त्याच्याही आधी १८९२ साली हार्वर्डचा विल्यम हेन्री लुईस त्या यादीत सेंटरच्या जागेवर आला होता. 'पहिला' शब्द लिहिताना कुठला पहिला, कशातला पहिला, हे नीट लिहावं लागतं, नाहीतर एकाला मान देताना दुसऱ्याचा काढून घेतला जातो.

मैदानात त्याला काय सोसावं लागायचं ते सगळं इथे लिहीत नाही. एकच सांगतो. पकड होऊन खाली पडला की समोरचे वरून उड्या मारायचे, बुटांचे खिळे रोवायचे, गुडघा फोडायला बघायचे. तर त्याने एक युक्ती काढली, पडल्या पडल्या पाठीवर वळायचं आणि दोन्ही पाय वर करून सायकल चालवल्यासारखे फिरवायचे, बुटांचे खिळे वरच्या बाजूला. आता ये अंगावर. मी नातवाला अंगणात झोपून दाखवलं ते, कमरेचं दुखणं विसरून, आणि तो म्हणाला हे कबड्डीत फाऊल देतील. देतील, पण कबड्डीत तुला कुणी रंगावरून तुडवायला येत नाही ना बाळा.

कॉलेजनंतर तो ओहायोतल्या ॲक्रन शहरात गेला, टायरच्या कारखान्यांचं गाव, तिथल्या ॲक्रन प्रोज नावाच्या पगारी टीमकडून खेळायला. १९२० साली आज ज्याला एनएफएल म्हणतात ती अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग सुरू झाली, नाव तेव्हा वेगळं होतं, आणि पहिल्याच वर्षी ॲक्रन चॅम्पियन, आठ जिंकल्या, तीन बरोबरीत, हरली एकही नाही. आणि त्या चॅम्पियन टीमचा हा स्टार, कपडे बदलायला मात्र टीममालकाच्या सिगारच्या कारखान्यात जायचा, मॅच सुरू व्हायच्या तोंडाशी तिथून थेट मैदानावर. बाकीच्यांबरोबर बसायचं नाही. १९२१ साली त्याच टीमने त्याला खेळता खेळता कोचही केलं. म्हणजे त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, वय २७.

त्याच टीममध्ये त्याने आणखी एकाला आणलं, पॉल रॉबसन. आपल्याकडे रॉबसन गायक म्हणून माहिती आहे, तो भारदस्त आवाज, पण तो आधी रटगर्स कॉलेजचा फुटबॉलचा मोठा खेळाडू होता, १९१७ आणि १९१८, दोन्ही वर्षं ऑल-अमेरिका. पुढे त्याची राजकीय मतं सरकारला खुपायला लागली, १९५० साली पासपोर्ट काढून घेतला, आणि त्याच सुमाराला फुटबॉलच्या नोंदींचं एक जाडजूड पुस्तक निघालं, त्यात १९१८ च्या अकरा जणांच्या टीममध्ये नावं छापली दहा. अकरा जणांची टीम, नावं दहा! अकराव्याची जागा रिकामी. दुसरं कुणाचं नाव घालायचीही हिंमत झाली नाही आणि याचं छापायचीही नाही. मी ते वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. का ते पुढे सांगतो.

पोलार्डचं पुढचं आयुष्य भराभर सांगतो, तसं त्यावर वेगळं पत्र होईल. आणखी दोन-तीन टीमकडून खेळला, धंदे केले, काही बुडाले, न्यूयॉर्कला पेपरही चालवला, म्हणजे तुमच्याच व्यवसायातला. १९३३ चा सीझन संपला आणि त्यानंतर १९४६ पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. लेखी नियम काही नव्हता, कुणी कुणाला बोलवायचं नाही एवढं ठरलेलं. त्या काळात पोलार्डने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ब्राउन बॉम्बर्स नावाच्या कृष्णवर्णीयांच्या टीमला कोचिंग केलं, गोऱ्यांच्या टीमविरुद्ध मॅच लावायला धडपडला, बघा आमची पोरं खेळतात की नाही म्हणून. त्याच वर्षांत त्याच्या मुलाने, फ्रिट्झ पोलार्ड ज्युनियरने, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला ११० मीटर हर्डल्समध्ये ब्राँझ मिळवलं, हिटलरच्या डोळ्यांदेखत.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते. १९२१ नंतर त्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय हेड कोच कधी झाला माहितेय? १९८९ साली. आर्ट शेल, रेडर्स टीमचा. मधे ६८ वर्षं गेली. आणि शेल झाला तेव्हा कित्येक लोक समजले की हाच पहिला. कारण पोलार्डचं नाव तोवर पुसट झालेलं. पोलार्ड १९८६ साली ९२ व्या वर्षी गेला, म्हणजे आपल्यामागून दुसरा आलेला बघायला तो अवघी तीन वर्षं कमी पडला. त्या लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं २००५ साली, जाऊन १९ वर्षं झाल्यावर. कॉलेज फुटबॉलवाल्यांनी १९५४ सालीच घेतलं होतं, म्हणजे माहिती कुणालाच नव्हती असं नाही. आता त्याच्या नावाने एक संस्था आहे, २००३ पासून, कृष्णवर्णीय आणि इतर वगळलेल्या लोकांना कोचच्या जागा मिळाव्यात म्हणून ती भांडते.

मला विचाराल तर पहिल्याचं नाव लोकांच्या डोळ्यासमोर राहिलं असतं तर दुसऱ्याला ६८ वर्षं थांबावं लागलं नसतं. यांच्यातला कोच होऊ शकत नाही, असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं, की झालाय, १९२१ ला झालाय, हे बघ नाव. नावच नसेल तर दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं. वर्गातल्या पोराला पण हेच लागतं ओ, आपल्या वाडीतला, आपल्या आळीतला कुणीतरी तिथवर गेलाय एवढं कळलं की त्याचं पाऊल वेगळं पडतं, हे मी ३१ वर्षं बघितलंय.

आता आपल्याकडचं. पालवणकर बाळू. घराणं मूळ कोकणातल्या पालवणचं, म्हणून पालवणकर. जन्म धारवाडचा, १८७६. वडील लष्करात, त्यामुळे वाढले पुण्याला. चांभार समाजातले. आधी पारशांच्या क्लबात पीच झाडायचं, रोलर फिरवायचं काम, महिना तीन रुपये, मग पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये, तिथे नेट लावायचं आणि साहेबांना प्रॅक्टिसला बोलिंग टाकायची. ग्रेग नावाचा साहेब होता, चांगला बॅट्समन, तो आउट झाला की बाळूंना दर विकेटला आठ आणे द्यायचा असं सांगतात. डावखुरी स्पिन बोलिंग. त्या क्लबात हजारो चेंडू टाकले पण बॅट कुणी हातात दिली नाही, बॅटिंग साहेबांची. मग हिंदूंच्या क्लबाला मॅच जिंकायच्या होत्या म्हणून त्यांनी टीममध्ये घेतलं, मैदानात सगळे एकच चेंडू हाताळायचे आणि चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा, जेवायला वेगळं ताट. ॲक्रनचा सिगारचा कारखाना आणि पुण्याचं ते मातीचं भांडं, मधे एवढा समुद्र आहे पण माणसांची डोकी सारखीच.

तेव्हा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत टीम धर्माप्रमाणे असायच्या, हिंदूंची वेगळी, गोऱ्यांची वेगळी. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांना १०९ रन्सनी हरवलं त्यात बाळूंची बोलिंग. १९११ साली भारताची पहिली टीम इंग्लंडला गेली, त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ विकेट काढल्या. एवढं सगळं करून हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्यांना कधीच मिळाली नाही. ती मिळाली धाकट्या भावाला, विठ्ठलना, १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. १९३७ ला बाळू निवडणुकीला बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले, यावरून आजही काही लोक त्यांचं नाव घ्यायचं टाळतात, मला वाटतं तो राजकारणाचा भाग वेगळा ठेवून खेळाडूचं माप खेळाडूसारखं घ्यावं. १९५५ ला गेले. आणि आपल्याला हे एवढं तरी माहिती आहे त्याचं एक मोठं कारण म्हणजे विठ्ठल पालवणकरांनी स्वतः मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलं. ते लिहिलं नसतं तर भांडं गेलं असतं, चहा गेला असता, आठ आणे पण गेले असते.

तर संपादक साहेब, तुमच्या पानावर बाळू पालवणकर हवे होते. आणि कोकणातल्या प्रत्येक हायस्कूलच्या पीटीच्या खोलीत त्यांचा फोटो हवा, तेंडुलकरच्या शेजारी. मी असेपर्यंत आमच्या शाळेत होता, पेपरातलं कात्रण पुठ्ठ्याला चिकटवून मीच लावलेला.

आता मला ते दहा नावांचं पुस्तक वाचून का बसून राहावं लागलं ते सांगतो. आम्ही बौद्धवाडीतले. आमचे बाबा मुंबईला मिलमध्ये, परळला, खोलीत बारा-चौदा माणसं, आणि संध्याकाळी चाळीमागच्या मैदानात कबड्डी. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की इकडे स्पर्धा लागायच्या. १९६१ साली वाडीतल्या बारा जणांची टीम एका ठिकाणच्या स्पर्धेला गेली, गावाचं नाव घेत नाही, आज तिथली नवीन पिढी चांगली आहे आणि माझे विद्यार्थी आहेत तिथे. फायनलला जिंकले. मातीवर, अनवाणी, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं, ते बाबांनी मला एकदाच सांगितलं, मी बारावीला असताना, आणि परत कधी तो विषय काढला नाही. ढाल मिळाली पण ती तिथेच ठेवायची पद्धत होती.

१९८८ साली मी शाळेची टीम घेऊन त्याच गावात गेलो. मंडळाच्या खोलीत भिंतीवर लाकडी फळा, पांढऱ्या रंगात वर्ष आणि जिंकलेल्या टीमचे सात गडी, दर वर्षाचे सात सात. मी शोधत शोधत १९६१ वर आलो. तिथे लिहिलं होतं, १९६१, विजयी संघ. बस. पुढे एकही नाव नाही. वरच्या ओळीत सात, खालच्या ओळीत सात, आणि मधे मोकळी जागा. मी चिटणीसांना विचारलं, ते म्हणाले यादी सापडली नसेल गुरुजी. मी काही बोललो नाही, पोरं बरोबर होती. घरी येऊन बाबांना सांगितलं पण नाही. पुढे ती इमारत पाडून नवीन बांधली आणि फळा कुठे गेला कुणाला माहिती नाही. बाबा २००९ ला गेले. तेव्हा बोललो नाही याची रुखरुख अजून आहे, मी मास्तर होतो, मला बोलायला हवं होतं.

तर फोटोचं असं आहे. त्या जिंकलेल्या टीमचा एक फोटो बाबांच्या ट्रंकेत होता, गेल्या पावसाळ्यात कौलं परतताना ट्रंक खाली काढली तेव्हा मिळाला. एका कोपऱ्याला वाळवी लागलीय पण चेहरे स्वच्छ आहेत. मागे पेन्सिलीने 'एप्रिल १९६१' एवढंच. बारा जण, पाच खाली बसलेले, सात उभे, मधे ढाल. बाबा खाली बसलेत, डावीकडून तिसरे. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून दाखवून सात जणांची नावं मी पक्की केलीत, कुणाचा कोण, कुठल्या मिलला होता, सगळं वहीत उतरवलंय. पाच जणांची मिळत नाहीत. उभे आहेत त्यात उजवीकडून दुसरा उंच आहे, डाव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. एक जण अगदी पोरसवदा, मिसरूड पण फुटलेलं नाही. एकाच्या गळ्यात काळा दोरा आणि शिट्टी आहे. बाकी दोघं सारखे दिसतात, भाऊ असावेत. हे पाच जण बहुतेक मुंबईतच राहिले, परळ, लोअर परळ, काळाचौकी भागात, त्यांची पोरं नातवंडं आता डोंबिवली, विरार, कुठेही असतील.

फोटोची मोठी प्रिंट पत्रासोबत पाठवतोय. तुमचा पेपर मुंबईत पण जातो म्हणून विनंती, छापा, थोडा मोठा छापा, चेहरे ओळखता येतील एवढा. कुणी ओळखलं तर तुमच्या कार्यालयात कळवायला सांगा, मी दर सोमवारी फोन करून विचारीन.

आपला,
एक जुना वाचक व निवृत्त क्रीडाशिक्षक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी